सातव्या दरवाजातली वाळू

खिडकीपलीकडच्या मुलीनं स्क्रीन बाहेर वळवला आणि एका ओळीवर नख टेकवलं.

"आजोबा, हे बघा. मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. आंबेघळ धरण, सन दोन हजार एकोणीस, दरवाजा क्रमांक सात, रंगाआधीची सफाई. वापरलेलं साहित्य गार्नेट. वाळू नाही. निरीक्षकाची सहीसुद्धा आहे. पी. आर. मोकाशी."

हणमंत वडर काउंटरची कड धरून उभा होता. त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाचं मशीन ज्या पिशवीत होतं ती पिशवी शेजारच्या गृहस्थांनी धरली होती. ते गृहस्थ म्हणजेच पी. आर. मोकाशी. खिडकीतल्या मुलीला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"गार्नेटनं हा आजार होत नाही," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता, दिवसभर तेच तेच बोलल्याचा शीण होता. "कामाच्या जागी वाळूच होती असा पुरावा आणा, लगेच धुलाईच्या यादीत नाव घालते. आमच्याकडे जागाच कमी आहेत हो."

धुलाई म्हणजे फुप्फुसांची धुलाई. मिठाच्या कोमट पाण्यात प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रथिन घालून ते एकेका फुप्फुसात सोडायचे. ते प्रथिन वाळूच्या धुळीला धरायचं, मांसातून सोडवायचं आणि पाण्याबरोबर बाहेर आणायचं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत सिलिकोसिसला इलाज नव्हता, आता होता. पण राज्यभरात अशी तीनच केंद्रं होती आणि कामावरचा पुरावा असल्याशिवाय कोणाला आत घेत नसत.

केंद्राच्या आठ पायऱ्या उतरायला हणमंतला बराच वेळ लागला. खाली रिक्षात त्याची बायको रत्नव्वा बसली होती. मोकाशींनी नकारार्थी मान हलवल्यावर तिनं सरकून दोघांना जागा केली. अर्ज परत येण्याची ही तिसरी वेळ होती.

"ह्यो मानूस देवमानूस हाय बगा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "ना नात्याचा ना गोत्याचा. वरीस झालं आमच्यासंगं हेलपाटं घालतोय."

मोकाशी रस्त्याकडे बघत राहिले.

*

मोकाशींची सगळी नोकरी पोलादाचा पृष्ठभाग बघण्यात गेली होती. रंग टिकतो तो डब्यातल्या रंगामुळे नाही, रंगाआधीच्या सफाईमुळे, हे ते हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत. आधी तेल-ग्रीस धुऊन काढायचं. मग कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोरावर बारीक, कठीण दाणे नोझलमधून पत्र्यावर मारायचे, यालाच ब्लास्टिंग म्हणतात. तो दाणा विमानाच्या वेगाशी स्पर्धा करत आदळतो. गंज उडतो, जुना रंग उडतो, आणि दाणा पत्र्याला एक बारीकसा खळगा पाडून जातो. असे खळग्याशेजारी खळगे पडत गेले की एकसारखा राखाडी-पांढरा, हाताला खरखरीत लागणारा पत्रा उघडा होतो. खळग्याची खोली माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. प्रायमर त्याच खळग्यांत पकड घेतो. पत्रा उघडा झाला की चारेक तासांत रंग लागला पाहिजे, नाहीतर हवेतल्या दमटपणानंच त्यावर तांबूस झाक चढते आणि सगळं काम पहिल्यापासून.

दाणे कसले वापरायचे यावर बरंच अवलंबून असतं. गार्नेट हे लालसर खनिज चालतं, तांब्याच्या भट्टीतली मळी चालते, पोलादाचे छर्रे चालतात. गारगोटीची पांढरी वाळू चालत नाही. ती पत्र्यावर फुटते आणि तिची पिठापेक्षा बारीक धूळ नोझल धरणाऱ्याच्या छातीत जाते. फुप्फुसाला ती पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. तिच्याभोवती गाठी धरत जातात. पुढं कधीतरी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, माणूस जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबायला लागतो.

एकोणीस साली आंबेघळचे नऊ दरवाजे रंगवायला काढले होते. जूनच्या आत ते जागेवर बसणं भाग होतं. गार्नेटचे ट्रक आले नाहीत. ठेकेदारानं तळकोकणातली पांढरी वाळू मागवली. मोकाशींनी पोती बघितली आणि काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला, धरण कोरडं ठेवायचंय का तुम्हाला? तिसऱ्या दिवशी त्यांनी 'गार्नेट' या शब्दाखाली सही केली. पुढचे सात आठवडे हणमंत सातव्या दरवाजाभोवती बांधलेल्या ताडपत्रीच्या आत नोझल धरून उभा होता. टोपाला हवेची नळी नव्हती. तोंडाला ओला टॉवेल.

वाळू हणमंतनं तिथंच खाल्ली असं नाही. आधी आणि नंतर कितीतरी शेडमध्ये खाल्ली. पण त्या शेडमध्ये कसलेच कागद नव्हते. हजेरीपत्रकात त्याचं नाव होतं ते फक्त धरणावर, सात आणि आठ नंबरच्या दरवाजांवर. आठ नंबरचा दरवाजा पुढं बदलून टाकला. उरला सातवा.

मोकाशी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले असताना त्यांना हणमंत ओपीडीच्या रांगेत दिसला होता. तेवीस वर्षांनी. त्यांनी त्याला ओळखलं नाही, त्यानंच हाक मारली. तेव्हापासून हे हेलपाटे सुरू होते. प्रतिज्ञापत्रावर 'ती सही खोटी होती' असं लिहून द्यायला मोकाशी तयार होते, दुसऱ्या खेपेला वकिलाला भेटूनही आले. वकील म्हणाला, "नुसत्या शब्दाला काय किंमत? ते म्हणतील म्हाताऱ्याला पाझर फुटलाय. वस्तू दाखवा."

*

वस्तू दाखवता येते हे सांगलीच्या डॉ. तबस्सुम मुल्लांकडे गेल्यावर कळलं. बाई एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत आणि जुन्या पुलांच्या रंगांची वयं काढत. त्यांचं यंत्र वर्तमानपत्रात आलं होतं, ती बातमी कापून मोकाशी थेट त्यांच्या दारात उभे राहिले.

"बसा," मुल्लाबाई म्हणाल्या. "गारगोटीचा एक गुण आहे. दगडातून, मातीतून, आकाशातून अगदी मंद किरणोत्सार सतत येत असतो, तुमच्या-माझ्या अंगावरही. गारगोटी त्यातली थोडी ऊर्जा स्वतःत अडकवून ठेवते. उन्हात असली की ती ऊर्जा सुटून जाते. अंधारात असली की साठत राहते, दरवर्षी साधारण ठरावीक. त्या कणाला अंधारातच बाहेर काढून त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की ती सगळी साठवण एका झटक्यात बारीकशा उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. तो उजेड मोजायचा. किती वर्षं अंधारात होता ते कळतं."

"आणि अंधार म्हणजे रंग?"

"जाड रंगाखाली अंधारच की. ब्लास्टिंग करताना काही कण फुटून पत्र्यात रुतून बसतात. कितीही झाडा, काही राहतातच. त्यावर प्रायमर चढला त्या दिवशी घड्याळ चालू झालं. नद्यांतल्या जुन्या गाळाची वयं आम्ही कित्येक वर्षं अशीच काढतोय. नवीन एवढंच, की आता एका कणावरसुद्धा जमतं, जागेवर, तासाभरात."

"गार्नेटचं?"

"गार्नेट असं बोलत नाही. गारगोटी बोलते. म्हणजे नुसतं वय नाही, वाळू होती हेही त्यातूनच कळतं."

मोकाशींनी विचारलं, "किती वेळा वाचता येतं?"

"एकदाच. उजेड पडला की घड्याळ शून्यावर येतं. ह्या दरवाजांचा रंग कधी काढणारेत?"

ते मोकाशींना नेमकं माहीत होतं. यंदा नऊही दरवाजांचा रंग लेझरच्या रोबोंनी काढायचा होता. ना वाळू, ना गार्नेट, ना धूळ. प्रकाशाचा झोत रंग आणि गंज जाळून टाकतो आणि त्याबरोबर पत्र्यात रुतलेलं सगळं. काम बारा एप्रिलला सुरू व्हायचं होतं. त्या कामाची निरीक्षक होती अनुजा. त्यांची मुलगी.

*

अनुजा रविवारी कराडला मोकाशींच्या घरी आली. चाळिशीची, वडिलांसारखीच उंच, वडिलांसारखंच बोलायच्या आधी थांबणारी. त्यांनी तिला सगळं सांगितलं. पोती, फोन, तिसरा दिवस. सांगताना त्यांना वाटलं होतं ती चिडेल. तिनं गॅस बंद केला, चहा गाळला आणि त्यांच्यासमोर बसली.

"नमुना घ्यायचाच आहे का, बाबा?"

"दुसरा मार्ग नाही."

"मग तीन नंबरचा घ्या. तिथंही वाळूच होती ना?"

"हणमंतचं नाव सातवर आहे."

"मजूर काय, सगळीकडे फिरतात. तीन चालेल." ती कपाकडे बघत बोलत होती. "सातवर मधे दुरुस्ती झालीय. गोंधळ होईल."

"दुरुस्ती खालच्या भागाची. वरचा तसाच आहे, मी नकाशा बघितला." मोकाशींना वाटलं ती त्यांना सांभाळून घेतेय. "अनू, माझं नाव जायचं ते जाऊ दे. ह्या वयात काय होणार आहे मला?"

तिनं परवानगी दिली. बारा तारखेची सकाळ, दोन तास, चार नमुने. जाताना तिनं नेहमीसारखी गोळ्यांची डबी तपासली, आठवड्याचे कप्पे भरले आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "मी तिथं असेनच."

*

धरणाच्या सातव्या दरवाजापुढं काळ्या कापडाची राहुटी बांधली होती. बाहेर उन्हाचा कडाका, आत काळोख आणि एक मंद लाल दिवा. मुल्लाबाईंचं यंत्र कुकरच्या आकाराचं, पत्र्याला चिकटून बसणारं. ते स्वतःच्या पोटातल्या अंधारात रंग खरवडून काढायचं, त्याखालचे कण टिपायचं आणि एकेक मोजायचं. दोन नमुने वरच्या भागातून, दोन खालच्या. खालचे कशाला, असं मोकाशींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तुलनेसाठी, नेहमी घेतो.

आकडे आले तेव्हा मुल्लाबाईंनी ते पुन्हा एकदा तपासले.

"वरचे दोन्ही चोवीस वर्षं. वर्षा-दीड वर्षाचा फरक धरा. गारगोटी, भरपूर. तुमचं काम झालं, मोकाशीसाहेब."

"आणि खालचे?"

"अकरा वर्षं. तीही गारगोटीच. तितकीच."

लाल उजेडात त्यांना बाईंचा चेहरा नीट दिसत नव्हता. अकरा वर्षं. म्हणजे बत्तीस साल. बत्तीस साली दुरुस्तीच्या कागदावर कोणाची सही होती हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. नोकरीतलं अनुजाचं पहिलं मोठं काम होतं ते. त्यांनी पेढे वाटले होते.

"अर्जात विचारलंय ते एकोणीस सालचं," मुल्लाबाई सावकाश म्हणाल्या. "त्याला वरचे दोन पुरेसे आहेत. खालचे मी फेकणार नाही आणि खोटंही लिहिणार नाही. पण अहवालात घालायचे तर कुठून घेतले यावर इथल्या अधिकाऱ्याची सही लागते. तुम्ही दोघं बोलून घ्या."

अनुजा बाहेर लोखंडी जाळीच्या वाटेवर उभी होती. खाली धरणाचं आटलेलं पाणी. ते तिच्याशेजारी जाऊन कठड्याला टेकले. त्यांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "दोन वयं आली ना?"

"तुला माहीत होतं."

"पोती मी स्वतः बघितली होती. पावसाच्या आधी पंधरा दिवस राहिले होते. मी तुम्हाला फोन केला होता, बाबा."

"मला?"

"आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. तुम्ही दवाखान्यात होता. म्हणालात, एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलीस, सही करून मोकळी हो."

मोकाशींनी आठवून पाहिलं. दवाखान्याचा व्हरांडा आठवला, रक्ताच्या बाटल्यांसाठी केलेली धावाधाव आठवली. हा फोन आठवला नाही. ती खोटं बोलत नाहीये एवढं कळत होतं. असं वाक्य ते बोलले असणार. कितीतरी वेळा, कितीतरी जणांना.

"तुम्ही एवढी वर्षं कशी काढलीत?" तिनं विचारलं.

"निघतात. काही करावं लागत नाही."

ती म्हणाली, "सात जण होते. झारखंडकडचे, पलामूचे. ताडपत्रीत उतरायच्या आधी माझ्याशी येऊन बोलायचे, ताई ताई करून. तेव्हा पंचवीस-तीसच्या घरातले असतील. त्यांना कोणी सांगितलंच नसणार त्यांच्या छातीत काय आहे ते. खोकला आला की टीबी म्हणून गोळ्या घेत असतील."

"मी काही सांगणार नाही तुला," मोकाशी म्हणाले. "मला तो अधिकार राहिला नाही."

पलीकडून रोबो चालवणाऱ्या माणसानं हाक दिली, "मॅडम, उशीर होतोय. सुरू करू का सातवर?"

"थांबा," ती म्हणाली.

ती राहुटीत गेली. पाच मिनिटं लागली असतील. बाहेर आली तेव्हा पेन हातातच होतं, टोपण लावायचं राहिलं होतं. तिनं हात वर करून खूण केली. रोबो रुळावरून पुढं आला, पत्र्यावर पांढरा झोत फिरायला लागला आणि जळक्या रंगाचा वास सुटला. दुपारपर्यंत सातवा दरवाजा कोरा झाला.

*

हणमंतला सांगायला मोकाशी एकटेच गेले. वस्तीच्या कडेला त्याचं दोन खोल्यांचं घर. रत्नव्वानं नेहमीप्रमाणे ताट वाढलं, भाकरी, झुणका, फोडलेला कांदा.

"हणमंत, नाव लागेल आता यादीत. पुरावा मिळाला." त्यांनी मोडलेली भाकरी ताटात ठेवली. "आणि ती सही, तिथं त्या मुलीनं वाचून दाखवली ना, ती माझी होती."

"म्हाईत हाय की साहेब," हणमंत म्हणाला. नळीतून एक श्वास घेतला, मग दुसरा. "त्या टायमाला... पी. आर. मोकाशी... एकच तर हुता धरनावर."

"वर्षभर बोलला नाहीस."

"बोलून काय. तुमी येत हुता."

"राग नाही आला?"

"रागवायला दम लागतो, साहेब."

रत्नव्वा दारात उभी होती. तिच्याकडे दम होता. तिनं पुढं होऊन त्यांच्यासमोरचं ताट उचललं.

"देवमानूस म्हनत हुते मी तुमास्नी," ती म्हणाली. "हितं चार मानसांत म्हनत हुते. उठा."

ते उठले.

नाव यादीत लागलं. केंद्रानं आठवड्यात बोलावलं, छातीचा स्कॅन काढला आणि डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन्ही फुप्फुसं दाखवली. गाठी एकमेकींत मिसळून दगडासारख्या झाल्या होत्या. प्रथिन सुट्या धुळीला धरतं, गाठ फोडू शकत नाही. पाच वर्षांपूर्वी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवलं. हणमंतनं मान हलवली आणि मशीनची पिशवी स्वतःच उचलली.

तो सप्टेंबरात गेला. रत्नव्वानं कळवलं नाही, रिक्षावाल्यानं कळवलं. मोकाशी वस्तीच्या रस्त्यावर लांबच उभे राहिले, आणि सगळे परतल्यावर तेही बसस्टॉपकडे चालू लागले.

*

अनुजाला निलंबनाचं पत्र मे महिन्यातच आलं होतं. नवऱ्याचं म्हणणं होतं की खालचे नमुने कोणी मागितले नव्हते. ते खरंच होतं. ती पुण्याचं घर सोडून आली असं नाही, पण आठवड्यातले चार दिवस कराडला राहायला लागली. सात जणांच्या हजेरीचे फोटो तिच्या जुन्या फोनमध्ये होते. का काढून ठेवले होते ते तिला सांगता येत नव्हतं. त्यावरून शोध सुरू झाला. एक जण मेलेला निघाला, चार वर्षांपूर्वी, टीबी म्हणून. दोघांचा पत्ता लागला नाही. चौघं आले.

पहिला आला तो सुखदेव उराँव. अडतीस वर्षांचा, बारीक अंगाचा, बोलताना मधेच थांबून खोकणारा. त्याच्या छातीत गाठी होत्या, पण सुट्या, बारीक. डॉक्टर खूश झाले. डावं फुप्फुस सोमवारी धुतलं, उजवं गुरुवारी. काचेच्या मोठ्या बरण्यांत पाणी उतरत होतं, पहिल्या तीन बरण्या ताकासारख्या, मग निवळत निवळत अकरावी जवळजवळ स्वच्छ. तासाभरानं पहिल्या बरणीच्या तळाशी बोटभर पांढरा थर बसला. अनुजा काचेतून तो बघत राहिली. मोकाशी खुर्चीवर बसल्या बसल्या डुलकी घेत होते. हल्ली त्यांना कुठंही झोप लागायची.

आठव्या दिवशी सुखदेव केंद्राच्या पायऱ्या न थांबता चढला, आणि पुन्हा उतरून पुन्हा चढला.

"अब घर जाओगे?" अनुजानं विचारलं.

"घर क्यों, दीदी? इधर ही काम मिल गया. एमआयडीसी में. सोमवार से."

"कैसा काम?"

"वही. ब्लास्टिंग." तो जरा ओशाळून हसला. "और क्या आता है मुझे?"

लेझरचे रोबो सरकारी धरणांना आणि मोठ्या पुलांना परवडत. गेटची ग्रिलं, पाण्याच्या टाक्या, ट्रॉल्यांचे सांगाडे बनवणाऱ्या लहान शेडमध्ये अजून कॉम्प्रेसर, नोझल आणि माणूसच होता.

अनुजा त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं शेडचा पत्ता विचारून घेतला. रिक्षात बसताना मोकाशी म्हणाले, "आपल्याकडे कसलं पत्र नाही, ओळखपत्र नाही. आत घेणार नाहीत."

"बघू," ती म्हणाली.

शेडला फाटकच नव्हतं. पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात ताडपत्रीचा आडोसा, त्यामागं कॉम्प्रेसरचा आवाज आणि धुळीचा ढग. भिंतीला लागून पंधरा-वीस पोती. पोत्यांवर कसलंच नाव नव्हतं. अनुजानं एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर माल तळहातावर घेतला आणि दारातल्या उजेडाकडे वळली. पांढरा, काचेसारखा चमकणारा. गार्नेट लालसर असतं. भिंगाची गरज नव्हती.

आतून एक तरुण माणूस आला. शेडचा मालक, ओगले. नाकाला रुमाल बांधलेला.

"काय पाहिजे?"

"ही वाळू आहे."

"मग?"

"वाळू वापरायला बंदी आहे. सोमवारपासून तुमच्याकडे एक माणूस येतोय, त्याची छाती आठवड्याभरापूर्वीच धुऊन झालीय."

"तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

"कुठल्याच नाही."

"मग ताई, रस्ता धरा. मला गुरुवारी बारा ट्रॉल्या द्यायच्यात. गार्नेट आणायचं तर ते मिळतंय कुठं वेळेवर?" त्याचा आवाज चढला नव्हता. तोही थकलेलाच दिसत होता. "अरे, आणखी दोन पोती घे रे आत."

आडोशातून एक कामगार बाहेर आला. अनुजानं त्याच्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे. सोडलेल्या पोत्याचं तोंड तिनं पुन्हा बांधलं आणि त्याच्यावर बसली.

कामगार थांबला. मालकाकडे बघायला लागला.

"उठा, मॅडम," ओगले म्हणाला.

"नाही."

"पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंच आहे."

कॉम्प्रेसर चालूच होता. त्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. ओगले फोन कानाला लावून बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. अनुजा हात मांडीवर ठेवून बसली होती, पंचायतीच्या कट्ट्यावर बसावं तशी. मोकाशींना फार वेळ उभं राहवत नव्हतं. त्यांनी शेजारचं पोतं चाचपून बघितलं, त्यावरची धूळ रुमालानं झटकली आणि तेही बसले.